हात मोडायला हवा होता

चौगुले सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माणसाच्या काखेत पाय रोवून त्याचा हात उपटत होते.

आयर्लंडमधल्या कासलबारच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून तो माझा पहिलाच आठवडा होता. कॉटवरच्या शेतकऱ्याला त्याच्याच बैलाने फाटकावर चेपलं होतं आणि त्याचा खांदा निखळला होता. इंजेक्शन देऊनही स्नायू सैल पडेनात. सर तिथले हाडांचे डॉक्टर. त्यांनी बूट काढला, टाच त्याच्या काखेत रोवली, दोन्ही हातांनी मनगट धरलं आणि इंग्रजीत ओरडले, "माझ्याकडे बघ!" तो बघतोय तोवर त्यांनी ओढलं. आतून जो आवाज आला तो माझ्या दातांत शिरला. शेतकऱ्याने एक लांबलचक शिवी दिली. सरांनी तेवढ्याच लांबीची मिरजेकडची शिवी परत केली. मग दोघेही हसायला लागले.

मी पडद्याला धरून उभी होते. सरांनी माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं.

"कुठली गं तू?"

"पुण्याची."

"पुण्यात काय नुसतं बघत उभं राहायला शिकवतात काय? पट्टी आण गळ्यात अडकवायची."

मी मराठीत "स्लिंग कुठे असतं?" एवढंच विचारलं, पण माझा उच्चार ऐकून त्यांनी माझं नाव कायमचं टाकून दिलं. तेव्हापासून मी 'कॉन्व्हेंट' झाले. "ए कॉन्व्हेंट, हिकडं ये." अख्ख्या वॉर्डला तेच माझं नाव वाटायचं.

कासलबारमध्ये भाड्याची खोली मिळणं अवघड. हे कळल्यावर सरांच्या बायकोने, सुलभाकाकूंनी, मला वरची खोली दिली. घर गावाबाहेर, एका चढावर होतं. मागे मेंढ्या, पुढे मेंढ्या, आणि शेजार म्हणजे पॅट नावाचा म्हातारा, ज्याच्याकडे एक ट्रॅक्टर आणि एक छोटा जेसीबी होता. सरांचा एकुलता मुलगा शिकायला डब्लिनला गेला होता. तो फोनवर मराठी ऐकायचा आणि आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर द्यायचा. सर मराठीत ओरडायचे, तो 'ग्रँड, डॅड, ग्रँड' म्हणायचा. इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे 'झकास, सगळं ठीक'. त्या शब्दावर सरांचा पुढे भयंकर राग बसला. त्याचं कारण येईलच.

त्या घरात वस्तू फार दिवस जगत नसत. प्रेशर कुकरचं झाकण अडकलं की सर ते सोडवायचे नाहीत, हातोडी आणायचे. नारळ ते फरशीवर फोडत नसत. एका हातात धरून दुसऱ्या हाताने कोयत्याच्या पाठीचा असा फटका द्यायचे की मी दर वेळी डोळे मिटून घ्यायचे. फोनवर भावाशी बोलताना हातात जे असेल ते जायचं. कप, चमचा, एकदा चष्मा. मला सुरुवातीला फार भीती वाटायची. मी जिन्यात थांबून आधी अंदाज घ्यायचे आणि मग खाली उतरायचे. काकू मात्र तुकडे गोळा करायची सुपली घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "झालं?"

"नाही झालं!" म्हणून सर आणखी एखादी गोष्ट आपटायचे. मग काकू पुन्हा विचारायच्या, "झालं?" तेव्हा ते पुटपुटायचे, "झालं."

माणसावर हात टाकताना मी त्यांना एकदाच पाहिलं. पेट्रोल पंपावर एक दारू प्यालेला माणूस आमच्या गाडीला आडवा आला. तुम्ही लोक इथे येता, आमची घरं घेता, आता परत जा, असं काहीतरी तो बरळत होता. सर खाली उतरले. त्याने मूठ उगारली. सरांनी ती वरच्यावर पकडली आणि त्याला बाजूला ढकललं. तो हवेच्या यंत्रावर जाऊन आदळला आणि खांदा धरून खाली बसला. एव्हाना मलाही नुसतं बघून कळायला लागलं होतं. गळपट्टीचं हाड गेलं होतं.

"मी गार्डांना बोलावतो!" तो रडत म्हणाला. गार्ड म्हणजे इथले पोलीस.

"बोलाव," सर म्हणाले. "आधी एक्स-रे काढू."

त्याला त्यांनी स्वतःच्या गाडीत घातलं. वाटभर तो माणूस कण्हत होता आणि सर त्याला झापत होते. पंपावर घडलेलं सगळं त्यांनी हॉस्पिटलात स्वतःच वरिष्ठांना सांगितलं. पंपावरच्या लोकांनी मूठ कोणी उगारली ते सांगितल्यामुळे प्रकरण वाढलं नाही. पण मला त्यातलं वेगळंच आठवतं. एक्स-रेच्या आधी सरांनी त्याच्या खांद्यावरून बोटाच्या पेराने हळूहळू टकटक करत नेलं, सुतार लाकूड तपासतो तसं. "हिथं?" टक. "हिथं?" टक. तो किंचाळला. "हिथं."

ही टकटक त्यांची सवय होती. कलिंगड, दार, टेबल, रुग्णाचं नडगीचं हाड, काहीही समोर आलं की पेर वाजवल्याशिवाय त्यांचा विश्वास बसायचा नाही. "ठोकून बघितल्याबिगर सही करायची नाही," असं ते शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे. "हात न लावता सर्टिफिकेट देणारा डॉक्टर आणि चोर ह्यांत चोर बरा. तो निदान घरात तरी शिरतो."

गणपतीच्या आधी दर वर्षी ते घर रंगवायचे. एरवी ज्या हातांनी मोडतोड चालायची, तेच हात आठवडाभर भिंती घासायचे, भोकं बुजवायचे, रंग द्यायचे. मी तिथला पहिला गणपती पाहिला तेव्हा बैठकीच्या भिंतीवर, मखराच्या मागे, रंगाखाली एक लांब उंचवटा दिसला. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत असेल एवढा.

"ते यांचं ऑपरेशन," काकू हसत म्हणाल्या. "घर घेतल्यावर पहिल्याच गणपतीला तिथं जरा चिरलं होतं. यांनी हॉस्पिटलमधनं प्लॅस्टरच्या पट्ट्या आणल्या, भिजवल्या आणि घातल्या भिंतीला. हात मोडल्यावर घालतात तशा."

हॉस्पिटलात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. घराला कास्ट घालणारा माणूस म्हणून नर्सेस त्यांना चिडवायच्या. सर खूष व्हायचे. "देव यायचा घरात. त्याला काय भेग दाखवायची?"

मग तो रविवार आला. दुपारचं जेवण चाललं होतं. काकू सहज म्हणाल्या की निवृत्तीनंतर मिरजेला जाऊन राहू, इथे आपलं कोण आहे. सरांचा घास हातातच राहिला.

"आपलं कोण आहे म्हणजे? हे घर आहे की! आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राहिलो, वसतिगृहात, क्वार्टरमध्ये, भाड्यानं. हे माझं आहे. ह्या घरातनं मला उचलूनच न्यायचं!"

"मी कुठं घर विका म्हणाले?"

"म्हणालीस!"

ते उठले आणि त्यांनी सगळ्या ताकदीनिशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मूठ मारली.

आवाज झाला नाही. म्हणजे जो व्हायला हवा होता तो झाला नाही. त्यांचा हात मनगटापर्यंत भिंतीत गेला होता. त्यांनी तो बाहेर काढला तसा मागून ओला, करडा भुगा फरशीवर सांडायला लागला. सिमेंटचा ठोकळा नव्हताच तिथे. पाण्यात भिजलेल्या बिस्किटासारखं काहीतरी होतं.

काकू सुपली घेऊन उठल्या होत्या. त्या तशाच थांबल्या. सर स्वतःच्या मुठीकडे बघत होते. बोटं उघडली, मिटली, प्रत्येक पेर दाबून पाहिलं.

"हात मोडायला हवा होता," ते म्हणाले. "एवढ्या जोरानं मारलं की हात मोडायला हवा होता."

मग ते घरभर फिरले. प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर टक, टक, टक. मागोमाग मी आणि काकू. बऱ्याच ठिकाणी आवाज पोकळ येत होता. एका जागी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो आत गेला. त्या भागातल्या कितीतरी घरांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांत दोष निघाला होता, दगड आतून कुजत होता, हे आम्ही ऐकून होतो. पण आपल्या घराबद्दल तसं कुणाला वाटतं?

कितीतरी वर्षांपूर्वी, घर घेण्याआधी, एका व्हॅल्युअरने ते तपासलं होतं. किंमत ठरवणं आणि बांधकाम ठीक आहे की नाही ते सांगणं, दोन्ही त्याचंच काम. त्याने लिहून दिलं होतं की घर मजबूत आहे. तोंडीही म्हणाला होता, "ग्रँड, सॉलिड हाऊस." आता पॅटने कुंपणापलीकडून सांगितलं की त्या दिवशी पाऊस होता. तो माणूस गाडीतून उतरून दारापर्यंत गेला, आत एक चक्कर मारली आणि निघून गेला. भिंतीला हातसुद्धा लावला नाही.

"हात लावला नाही?" सरांनी तीनदा विचारलं.

"युअर मॅन छत्री विसरला होता," पॅट म्हणाला. 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'.

अशा घरांसाठी सरकारी मदतीची रांग होती, आणि काकूंचं म्हणणं होतं की आपणही त्यात उभं राहू. सरांना मदत नको होती. त्यांना त्या माणसाला समोर उभं करायचं होतं. भिंत ठोकून बघितली नाही, एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्याच्याकडून घर परत उभं करून घ्यायचं होतं. ते नाही झालं तर राहायला दुसरं घर बांधण्याची त्यांची ऐपतही नव्हती आणि वयही राहिलं नव्हतं.

ओरला नावाची वकीलबाई मिळाली. स्पष्ट बोलणारी होती. तिने पहिल्याच भेटीत मुदतीचा मुद्दा काढला. व्हॅल्युअरवर निष्काळजीपणाचा दावा करायला सहा वर्षं मिळतात. कधीपासून? तुम्हाला कारण कळलं तेव्हापासून नाही. नुकसान पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं तेव्हापासून.

"म्हणजे रोग कळला तेव्हापासून नाही, पहिली शिंक आली तेव्हापासून?" सर गरजले. "असला कसला कायदा?"

"इथला," ओरला म्हणाली. "मग, कधी दिसलं?"

"मूठ मारली तेव्हा."

काकूंनी होकाराची मान हलवली. मीही तिथे होते, सरांना शांत ठेवायला काकूंनी मला बरोबर नेलं होतं, आणि मलाही ते खरंच वाटलं. ते खोटं बोलत नव्हते. मखरामागची ती चीर आमच्या कुणाच्याच हिशेबी नुकसान नव्हती. ती गणपतीची तयारी होती. गणपतीच्या आधी घरात काही ना काही बुजवायचं असतंच.

दावा दाखल झाला. कोर्टाची फी, प्रत्येक अर्जावर स्टँप, त्यावर आणखी काही लागलं की पुन्हा स्टँप. "दार वाजवायचे पण पैसे घेतात," सर म्हणायचे, आणि त्या महिन्यात घरात उरलेले बहुतेक कप गेले. कोपऱ्यात भुग्याचे ढीग वाढत होते. माझ्या खोलीची बाहेरची भिंत लोखंडी टेकूंवर उभी होती. वारा सुटला की ती दात खात असल्यासारखी वाजायची. काकू म्हणाल्या, "तू दुसरीकडे जा गं." मी गेले नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

सुनावणीच्या दिवशी ओरलाने सरांना कोर्टाच्या पायरीवर थांबवलं. "विचारतील तेवढंच बोला. रागावू नका. त्यांना तुमचा राग हवाय."

मी आणि काकू मागच्या बाकावर बसलो. व्हॅल्युअर समोरच होता. गोरा, गुबगुबीत, एखाद्या शाळेत पालक म्हणून भेटला असता तर आवडला असता असा. त्याचा वकील अगदी हळू बोलणारा. त्याने सरांना घराबद्दल विचारलं, कामाबद्दल विचारलं, किती वर्षं हाडं बघताय ते विचारलं. सर सरळ उत्तरं देत होते. ओरलाचे ताठलेले खांदे थोडे सैल झाले.

"म्हणजे डॉक्टर, भेग ओळखणं हाच तुमचा धंदा," वकील म्हणाला.

"होय."

"केसाएवढी भेगसुद्धा?"

"केसापेक्षा बारीक असली तरी."

"आणि तुम्ही त्या घरात इतकी वर्षं राहिलात. रोज त्या भिंती पाहिल्यात. आणि तुम्हाला काहीच दिसलं नाही." तो कागदांकडे बघत होता. "माझ्या अशिलाने एका भेटीत जे पाहायला हवं होतं असं तुम्ही म्हणता, ते तुम्हाला, तज्ज्ञाला, इतक्या वर्षांत दिसलं नाही. मग निष्काळजी कोण?"

ओरला उठायला लागली. सर आधीच उठले होते. साक्षीदाराच्या कठड्यावर त्यांनी अशी मूठ आपटली की पाण्याचा पेला उडाला आणि खाली पडून फुटला.

"मला दिसलं नाही? मला? ह्या डोळ्यांना?" त्यांचं इंग्रजी मिरजेच्या वळणावर गेलं होतं. "पहिल्या वर्षी दिसलं! घर घेतल्यावर पहिला गणपती यायच्या आधी दिसलं! ह्या हातांनी मी प्लॅस्टर घातलं त्याला! जा, बघून या, अजून आहे तिथं! त्याच्यासारखा मी हात न लावता निघून गेलो नाही!"

वकिलाने कागद खाली ठेवले. बहुतेक त्यालाही एवढ्याची अपेक्षा नव्हती.

"पहिल्या वर्षी," तो आणखी हळू म्हणाला. "धन्यवाद, डॉक्टर."

सर अजून उभेच होते, छाती वरखाली होत होती, तोंडावर जिंकल्यासारखा भाव होता. मग त्यांची नजर ओरलाकडे गेली. तिने डोळे मिटून घेतले होते. तो भाव त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिला. फार सावकाश उतरला.

माझ्या शेजारी काकू पुटपुटल्या, "झालं."

त्या विचारत नव्हत्या.

न्यायाधीशबाईंनी निकालात म्हटलं की व्हॅल्युअरने भिंती नीट तपासल्या नसतीलही, पण त्या प्रश्नाकडे जाण्याची गरजच उरलेली नाही. पहिल्या भेगेपासून दाव्यापर्यंत सहा वर्षं उलटून गेली होती. दुसऱ्या बाजूचा खर्चही सरांच्याच डोक्यावर आला.

बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, तो व्हॅल्युअर आमच्याकडे आला. त्याने खरंच हात पुढे केला. "नो हार्ड फीलिंग्ज, डॉक्टर," तो म्हणाला.

सरांचा उजवा हात वर गेला. मूठ वळलेली होती. काकूंनी त्यांची बाही धरली नाही. मला वाटतं, त्यांनी ठरवूनच धरली नाही. तो माणूस एक पाऊल मागे सरून आपल्याच गाडीला टेकला. सर त्याच्या अगदी जवळ गेले, मूठ त्याच्या छातीपाशी नेली आणि बोटाच्या पेराने छातीच्या हाडावर वाजवलं. टक. टक.

"एवढंच करायचं होतं," ते इंग्रजीत म्हणाले. "इतकंच."

तो माणूस हलला नाही. सर वळले आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. गाडी मी चालवली. वाटेत त्यांनी काहीही आपटलं नाही, आणि त्या शांततेची मला त्यांच्या आवाजापेक्षा जास्त भीती वाटली.

घर राहण्यालायक नाही, पाडावं लागेल, असं पुढे इंजिनिअरने लिहून दिलं. सर-काकूंनी गावात दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली. मला डब्लिनच्या सँट्री भागाजवळ नोकरी मिळाली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला त्या चढावर गेले, कारण त्याच दिवशी घर पाडायचं होतं.

पॅट त्याचा जेसीबी घेऊन आला होता. सरांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांच्याकडे घण होता. स्वयंपाकघराची भिंत त्यांनी स्वतः घेतली. पहिल्या घावाला ती आत बसली, दुसऱ्याला कोसळली. ते थांबलेच नाहीत. दारं, चौकटी, माझ्या खोलीखालचा खांब, सगळीकडे घण चालला होता, आणि प्रत्येक घावाबरोबर शिवी. व्हॅल्युअरला, कायद्याला, ठोकळे बनवणाऱ्याला, पावसाला, आणि मग मी स्पष्ट ऐकलं, स्वतःला. "कशाला बोलाय पाहिजे होतं तुला कोर्टात! कशाला बोलाय पाहिजे होतं!" त्यांच्या केसांवर, मिशीवर करडी भुकटी बसली होती. छताला तडा जाऊन ते कडकडलं तेव्हा पॅट ओरडला, "बाहेर ये, डॉक! मरशील!" तेव्हा कुठे ते बाहेर आले.

मग जेसीबी लागला. बैठकीची भिंत पडली तेव्हा ठोकळ्यांचा भुगा झाला, पण त्यात एक वस्तू अखंड राहिली. पॅटने ती उचलून आणली. लांबट, पांढरी, एका बाजूला आमच्या सगळ्या गणपतींचे रंग थरावर थर चढलेले. प्लॅस्टरची ती पट्टी.

सरांनी ती हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. एक्स-रे धरतात तशी आभाळाकडे धरली. मग पेराने वाजवली. टक. आवाज भरीव होता.

"बघ, कॉन्व्हेंट," ते मला म्हणाले, "काम कसं असतंय ते बघ."

मी बघितलं.

त्यांनी ती दोन्ही टोकांना धरली आणि गुडघ्यावर मारली. मोडली नाही. पुन्हा मारली, ओरडून, आणि गुडघा लचकला असावा, कारण ते वाकले. तिसऱ्यांदा ती मोडली. कडकन आवाज झाला, मी पहिल्या आठवड्यात पडद्याला धरून ऐकला होता त्याच्यापेक्षा मोठा. मेंढ्या दूर पळाल्या.

काकू फाटकापाशी उभ्या होत्या, हातात सुपली नव्हती, काही नव्हतं. सर दोन्ही हातांत दोन तुकडे घेऊन, धापा टाकत, त्यांच्याकडे बघत राहिले. मला कळलं ते कशाची वाट बघत होते. पण काकूंनी विचारलं नाही. मी गाडी वळवून खाली उतरायला लागले तेव्हाही ते तसेच उभे होते, तुकडे हातात धरून, त्या विचारतील म्हणून.